फादर स्टीफन्स आणि मातेओ रिची : संवाद कुठे झाला?

'ख्रिस्तपुराण' हे नाव आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून लिहिले जाते ते उत्तरपत्रिकेत, आणि तेही एका ठराविक वाक्यापुरते. "परकीय असूनही फादर स्टीफन्सने मराठीची थोरवी गायिली" असे लिहायचे, मराठीच्या स्तुतीच्या त्या सुप्रसिद्ध ओव्यांपैकी दोन पाठ असतात त्या उतरवायच्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून तर या ओव्यांना फारच मागणी आली आहे. भाषणात त्याच, फलकावर त्याच, मराठी भाषा गौरव दिनाच्या निमंत्रणपत्रिकेवरही त्याच. ओव्यांविषयी माझी तक्रार नाही. त्या सुंदरच आहेत. तक्रार आपल्या वाचनाविषयी आहे. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातून आपण आपल्या कौतुकाच्या तेवढ्या उचलल्या आणि बाकीचा ग्रंथ मिटून ठेवला. राजशेखराने काव्यपुरुषाचा विवाह ज्या वत्सगुल्मात लावून दिला, त्या आपल्या वाशीमच्या विद्यार्थ्यांनी तरी एवढ्यावर समाधान मानू नये, असे मला वाटते.

त्या मिटलेल्या पानांत काय आहे? ग्रंथाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. साष्टीतल्या एका देवळात (ख्रिस्ती देवळाला त्या काळी देऊळच म्हणत) धर्मशिक्षण चालले आहे. तेथे एक ब्राह्मण, नव्याने ख्रिस्ती झालेला, पाद्रीगुरूंना विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही मना केलीत, तर मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांला का करून देत नाही? या मागणीचे उत्तर म्हणून सगळे ख्रिस्तपुराण जन्माला येते. 'पैले पुराण' जुन्या करारावर आणि 'दुसरे पुराण' ख्रिस्ताच्या चरित्रावर. अध्यायाला नाव 'अवस्वरू'. स्वर्गाला शब्द 'वैकुंठ'. रचना अशी की ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीवर वाढलेल्या माणसाला कुठे अडखळायला होऊ नये.

माझ्या दृष्टीने त्या ब्राह्मणाचा प्रश्न स्तुतीच्या ओव्यांहून महत्त्वाचा आहे. त्यात एका समाजाची भूक आहे आणि ती भूक कशामुळे निर्माण झाली तेही त्याने एका वाक्यात सांगून टाकले आहे. पूर्वीची पुराणे मना केली होती. ती कोणी व कशी मना केली, हे आपल्या टिपणवहीत सहसा येत नाही.

साष्टी प्रांत जेझुइट संघाकडे सोपविलेला होता. १५६७ मध्ये तेथील देवळे पद्धतशीरपणे पाडली गेली. गोव्याला सहल गेली की आपण मंगेशी पाहतो, कवळ्याची शांतादुर्गा पाहतो, म्हार्दोळची म्हाळसा पाहतो. परंतु ही दैवते मूळची त्या गावांची नव्हेत, हे बसमध्ये कोणी सांगत नाही. मंगेश कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची, म्हाळसा वेर्ण्याची. भक्तांनी मूर्ती उचलल्या आणि नदी ओलांडून आदिलशाही मुलखात, फोंड्याच्या बाजूला नेल्या. ग्रंथांची गतही वेगळी नव्हती. १५५८-५९ च्या सुमारास एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने, सरकारी परवानगीने, पलीकडच्या मुलखातल्या एका ब्राह्मणाच्या घरातून त्याने वर्षानुवर्षे जमविलेले ग्रंथ पळवून आणले. पाद्र्यांनी ते वाचले, आणि गोव्यातील ब्राह्मणांना सक्तीने बसवून जी प्रवचने दिली जात त्यांत त्याच ग्रंथांचे खंडन केले. १५६० पासून गोव्यात धर्मसमीक्षण न्यायालयही, म्हणजे इन्क्विझिशन, होते. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केले; त्यांत अकबराच्या दरबारात राहून परतलेला रुदोल्फ आक्वाव्हिवाही होता. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि मारून टाकले. हा साष्टी प्रांत, आणि हेच स्टीफन्सचे कार्यक्षेत्र. तो गोव्याला उतरला २४ ऑक्टोबर १५७९ रोजी आणि वारला १६१९ मध्ये. मधली सुमारे चाळीस वर्षे त्याची बहुतेक साष्टीतच गेली.

आता याच सुमारास गोव्यात असलेल्या दुसऱ्या एका जेझुइटाकडे वळते. मातेओ रिची नावाचा इटालियन तरुण १५७८ च्या सप्टेंबरात गोव्यास आला. त्याने इथे धर्मशास्त्राचा अभ्यास केला, १५८० मध्ये कोचीनला दीक्षा घेतली आणि १५८२ मध्ये तो मकावकडे निघून गेला. जाण्यापूर्वी, १५८१ मध्ये, त्याने गोव्याहून रोमला आपल्या संघप्रमुखास एक पत्र लिहिले. येथील देशी विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राच्या वर्गांना बसू देऊ नये, असा निर्णय झाला होता. त्या निर्णयाला रिचीने त्या पत्रात विरोध केला. तेव्हा त्याचे वय एकोणतीस. चीनमधल्या त्याच्या पुढच्या वागण्याचे मूळ मला या पत्रात दिसते. समोरच्या माणसाला विद्या द्यायची, तर पूर्ण द्यावी, आणि त्याची विद्याही पूर्ण घ्यावी.

चीनमध्ये तो आरंभी बौद्ध भिक्षूच्या वेषात राहिला. काही वर्षांनी त्याच्या लक्षात आले की या देशात मान आहे तो कन्फ्यूशियसच्या ग्रंथांवर परीक्षा देऊन अधिकारी झालेल्या पंडितांना. (आपण परीक्षांच्या नावाने बोटे मोडतो, तिथे तर सर्वोच्च परीक्षा चाळिशी उलटल्यावर उत्तीर्ण होणारे पुष्कळ असत.) म्हणून १५९५ मध्ये त्याने पंडितांचा वेष घेतला. वेष घेणे सोपे असते. रिचीने कन्फ्यूशियन परंपरेतील 'चार ग्रंथ' शिक्षक ठेवून वाचले, त्यांचे लॅटिनमध्ये भाषांतर केले, आणि त्याच परंपरेतल्या 'शांगदी', म्हणजे ऊर्ध्वलोकीचा अधिपती, या प्राचीन शब्दात ख्रिस्ती परमेश्वर पाहिला. कन्फ्यूशियसला आणि पूर्वजांना वंदन करणे हा कृतज्ञतेचा लौकिक आचार आहे, मूर्तिपूजा नव्हे, असा निर्वाळाही त्याने दिला. १६०१ मध्ये त्याला पेकिंगमध्ये राहण्याची परवानगी मिळाली. १६०३ मध्ये त्याने चिनी भाषेत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तो एका पाश्चात्य पंडिताच्या आणि एका चिनी पंडिताच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे.

येथे माझ्या वर्गमित्रांपैकी कोणी म्हणेल की मग फरक काय राहिला? स्टीफन्सच्या ग्रंथात ब्राह्मण विचारतो नि पाद्री सांगतो; रिचीच्या ग्रंथात चिनी पंडित विचारतो नि पाद्री सांगतो. दोन्ही पुस्तकांतले प्रश्नकर्ते पाद्र्यानेच घडविलेले. हा आक्षेप बरोबर आहे, आणि पुस्तकापुरता मला तो मान्यही आहे. परंतु पुस्तकाबाहेर पाहा. पुस्तकाबाहेरच्या चिनी पंडिताच्या हातात लेखणी होती, पदरी मानमरातब होता आणि त्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक होती.

शू ग्वांगछी हा पंडित १६०३ मध्ये ख्रिस्ती झाला आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाला. धर्म बदलला म्हणून त्याचे कन्फ्यूशियन पांडित्य सुटले नाही. त्याने आणि रिचीने मिळून युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तके चिनीत आणली. ती १६०७ मध्ये छापली गेली. एकाने तोंडी अर्थ सांगायचा आणि दुसऱ्याने तो शुद्ध चिनी गद्यात बसवायचा, असे ते काम चाले. शू ग्वांगछी पुढे राज्याच्या अत्यंत वरच्या पदापर्यंत पोहोचला. उलट बाजूचे पंडितही गप्प नव्हते. १६१६ मध्ये नानजिंगमधील शेन च्युए नावाच्या अधिकाऱ्याने पाद्र्यांविरुद्ध बादशहाकडे अर्ज केले. हे लोक पूर्वजांचे वंदन सोडायला लावतात, रीतिभाती मोडतात, अशा त्याच्या तक्रारी होत्या. शू ग्वांगछीने त्याच वर्षी पाद्र्यांच्या बाजूने बादशहास निवेदन लिहिले. १६३९ च्या सुमारास ख्रिस्ती मताचे खंडन करणाऱ्या चिनी लेखांचा एक संग्रहच निघाला. अशा प्रकारे बाजूने, विरुद्ध आणि मधल्या वाटेने लिहिलेले कागद तिथे साठत गेले.

हे १६१६ साल ध्यानात ठेवावे. त्याच वर्षी राचोलला ख्रिस्तपुराणाची पहिली आवृत्ती छापली गेली. नानजिंगमध्ये एक पंडित विरोधाचा अर्ज लिहितो आहे, दुसरा त्याला उत्तर लिहितो आहे. आणि साष्टीत अकरा हजार ओव्यांचा एक भव्य ग्रंथ बाहेर पडतो आहे, ज्याला मराठीतून कोणी ओवीभरही उत्तर दिलेले आपल्या वाङ्मयेतिहासात दिसत नाही. उत्तर देण्याची ताकद मराठीत नव्हती, असे कोण म्हणेल? एकनाथांना जाऊन अवघी सतरा वर्षे झाली होती. पैठणला शास्त्री होते, महानुभावांचे मठ होते. पण ज्यांनी उत्तर द्यायचे ते आपल्या देवांबरोबर नदीपलीकडे गेलेले, आणि जे अलीकडे राहिले त्यांना विचारता येण्याजोगा प्रश्न एकच होता : जुने नाही, तर निदान नवे तरी द्या.

यावरून मी स्टीफन्सला खलपुरुष ठरविते आहे असे कोणी समजू नये. उलट माझे आश्चर्य येथूनच सुरू होते. रिचीला चिनी विद्या शिकणे भाग होते. त्याच्या पाठीशी तोफ नव्हती. बादशहाच्या मनात आले तर तो दुसऱ्या दिवशी हद्दपार झाला असता, आणि १६१७ मध्ये त्याच्या सहकाऱ्यांना खरोखरच नानजिंगहून मकावकडे पाठविण्यात आले. स्टीफन्सवर अशी सक्ती काय होती? सत्ता त्याच्या बाजूची. त्याला दुभाष्याकरवी प्रवचने देऊन निभावता आले असते, आणि त्याचे कित्येक सोबती तसे निभावीतही असत. हा इंग्लंडमधील विल्टशायरचा मनुष्य मात्र कोकणी व मराठी शिकला. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने येथील भाषांचे ग्रीक-लॅटिनशी साम्य नोंदविले. तौलनिक भाषाशास्त्राचा जन्म व्हायला तेव्हा दोनशे वर्षे अवकाश होता. कोकणीचे व्याकरण त्याने रचले, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये छापले गेले. आणि १६०८ मध्ये त्याने संघप्रमुखास लिहिले की या देशाच्या भाषेत व या देशाच्या लिपीत पुस्तके छापण्याची परवानगी मिळावी. अडचण खिळ्यांची होती. जोडाक्षरांसह सहाशे साचे लागतील. ते दोनशेंवर आणता येतील, असा हिशेबही त्याने मांडला होता. ते काही घडले नाही. ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापले गेले. मराठीवरचे ज्याचे प्रेम आपण फलकांवर मिरवितो, त्याला मराठीची अक्षरे मिळाली नाहीत, ही गोष्ट मला त्या स्तुतीच्या ओव्यांइतकीच बोलकी वाटते.

आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. रिचीची सारी भिस्त पंडितवर्गावर होती. तिकडे मदुरेत १६०६ पासून रॉबर्ट नोबिली हा तिसरा जेझुइट भगवी वस्त्रे नेसून, जानवे घालून, ब्राह्मणांत ब्राह्मण होऊन राहिला. खालच्या मानलेल्या जातींपासून तो अंतर राखी. १६२३ मध्ये पोपने त्याच्या रीतीला मान्यताही दिली. स्टीफन्सचे पुराण मात्र देवळात सर्वांसमोर वाचले जाई, गायिले जाई. प्रश्न ब्राह्मणाचा असला तरी ओवी सगळ्यांच्या कानांवर पडत होती. रिचीच्या चिनी गद्याला त्याच्या काळी असा श्रोता लाभला नाही.

चीनमधल्या संवादाचे पुढे काय झाले तेही थोडक्यात सांगते, कारण तो काही गोड गोष्टीसारखा संपला नाही. रिची १६१० मध्ये वारला. नंतर आलेल्या इतर संघांच्या धर्मोपदेशकांना कन्फ्यूशियसचे आणि पूर्वजांचे वंदन ही मूर्तिपूजाच वाटली, आणि भांडण रोमला गेले. १६९२ मध्ये कांगशी बादशहाने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली होती. १७०० मध्ये त्याने स्वतः खुलासा केला की हे आचार लौकिक स्वरूपाचे आहेत. रोमने १७०४ मध्ये आणि पुन्हा १७१५ मध्ये ते निषिद्ध ठरविले. चिनी ग्रंथांचे एक अक्षर न वाचणारे हे लोक आमच्या आचारांवर निर्णय देतात, याचा बादशहाला संताप आला, आणि १७२४ मध्ये त्याच्या मुलाने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. रोमने ते आचार पुन्हा मोकळे केले १९३९ मध्ये. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे गेली! ज्यांनी एकमेकांचे ग्रंथ वाचले होते त्यांच्यात तडजोड होऊ शकली. न वाचणाऱ्यांच्या हातात निर्णय गेला आणि ती मोडली.

आपल्याकडे उलटे घडले. २७ जून १६८४ रोजी गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या भाषेत एका पाद्र्याने पुराण रचले, तीच भाषा आता नकोशी झाली. पण ख्रिस्तपुराण मेले नाही. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांपैकी एकाही छापील प्रतीचा आज मागमूस नाही. टिकल्या त्या लोकांनी हाताने लिहून घेतलेल्या प्रती. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मंगळूर भागात त्या जपल्या, गायिल्या, आणि त्यांच्याच आधारे १९०७ मध्ये जे. एल. सालढाणा यांनी मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरीत तो छापून आला १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने. स्टीफन्सने खिळ्यांचा हिशेब मांडल्याला तेव्हा साडेतीनशे वर्षे होत आली होती. साष्टीच्या माणसांनी स्टीफन्सला लेखी उत्तर दिले नाही, देऊ शकले नाहीत. पण सक्तीच्या काळात आलेला हा ग्रंथ सक्ती उलटी फिरल्यावरही त्यांनी सोडला नाही. याला मी उत्तरच मानते.

ओवी हे भांडे कोणा एका पंथाच्या मालकीचे नाही, हे तर आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. कारंजा लाडच्या जैन मंदिरांतील हस्तलिखितांच्या भांडारांनी अपभ्रंश साहित्य साऱ्या देशापुढे आणले, प्रा. हिरालाल जैन यांनी १९३० नंतरच्या दशकात तेथूनच ग्रंथ संपादून काढले. जैन कवींनी मराठी ओवीत आपल्या धर्माच्या कथा सांगितल्या. गुणदासांचे 'श्रेणिकचरित्र' हे त्यांतले एक. ती ओवी हातात घेण्यासाठी जैनांना कोणाची देवळे पाडावी लागली नाहीत, की कोणाची पुराणे मना करावी लागली नाहीत. आपल्या अभ्यासक्रमात हे ग्रंथही नावापुरतेच येतात, ही आणखी एक तक्रार. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. त्यांच्या निवडीला काहींनी विरोध केला, काहींनी ठासून समर्थन केले, वृत्तपत्रांत पत्रापत्री झाली. मला त्या वादाचे वाईट वाटले नाही. 'सुबोध बायबल' लिहिणारा कॅथलिक धर्मगुरू मराठी व्यासपीठावर उभा आहे, आणि समोरच्यांना हो किंवा नाही म्हणता येते आहे. १६१६ च्या साष्टीत नेमके एवढेच नव्हते.

आता काम काय करायचे ते सांगते. आपल्या मराठी वाङ्मय मंडळाने आणि इतिहास मंडळाने एकत्र बसून एक कार्यक्रम ठेवावा. इतिहासाच्या प्राध्यापकांनी रिची, शू ग्वांगछी आणि साष्टी यांवर बोलावे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी ख्रिस्तपुराणाचे पहिले अवस्वरू आरंभापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावे. त्यासाठी ग्रंथालयात निदान दोन प्रती हव्यात. एक तास पुरणार नाही, दोन लागतील. नवीन पान शोधण्याचीही यातायात नाही : मराठीच्या स्तुतीच्या त्या ओव्या आणि त्या ब्राह्मणाचा प्रश्न, दोन्ही त्याच पहिल्या अवस्वरात आहेत, आणि एकमेकांपासून फार दूर नाहीत.